स्पॅनिश शिकायला बुएनोस आयरेसला जावं का? मराठी माणसाला कितपत जड जातं?

लिमलेट
नमस्कार मंडळी. ऑफिसातून दीड महिन्याची बिनपगारी रजा मिळतेय (हो, खरंच मिळतेय, सही झालीय) आणि गेली चार वर्षं डोक्यात एकच किडा आहे की स्पॅनिश नीट शिकायचं. मोबाइलच्या ॲपवर ४०० दिवस न चुकता केलंय पण समोर खरा माणूस आला की 'ओला'च्या पुढे तोंडातून काही निघत नाही. म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या शहरात सकाळी क्लास आणि दुपारी भटकंती असं डोक्यात आहे. बुएनोस आयरेस (अर्जेंटिना), कुस्को (पेरू), सुक्रे (बोलिव्हिया) ही तीन नावं काढलीत. नवरा म्हणतो एवढा खर्च करण्यापेक्षा पुण्यात क्लास लाव, बघायला नंतर जाऊ दोघं. एकटी जाणार आहे, शाकाहारी आहे (अंडं चालतं). कोणी असं केलंय का? फिरण्याच्या नादात शिकणं राहतं असं होतं का?

उंडगा
मी कुस्कोत तीन आठवडे काढलेत. डोळे झाकून कुस्को घ्या. तिथले लोक सावकाश आणि एकेक शब्द तोडून बोलतात, नवशिक्याला सोन्यासारखं. बुएनोस आयरेसवाले तोंडात इटालियन आणि स्पॅनिशची मिसळ करून बोलतात, तुमचं ॲपवरचं सगळं शिकलेलं दोन मिनिटांत वाहून जाईल. फक्त कुस्को ३,४०० मीटरवर आहे हे लक्षात ठेवा, पहिले दोन दिवस मी पलंगावरनं उठलो नाही, वरच्या मजल्यावर जायचं म्हटलं तरी धाप लागायची, ते कोकाच्या पानांचा चहा देतात तो पीत बसलो. पण एकदा अंग सरावलं की सकाळी क्लास, दुपारी सान पेद्रोच्या मंडईत जाऊन भाजीवाल्या मावशांशी घासाघीस. शनिवार-रविवारी माचू पिक्चूकडं. एकच गोष्ट, त्या मावश्या आपापसात केचुआ बोलतात, ते कानावर पडलं की आधी वाटतं आपल्याला काहीच येत नाही, मग कळतं ही भाषाच वेगळी आहे.

गोदाकाठ
लिमलेट, मी गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर बुएनोस आयरेसला होते, सहा आठवडे. व्हीआरएस घेतलेली बाई, वय ५६, एकटी. तेव्हा तुझं वय काही असो, तुला जमेल.

आधी उंडगादादांचं खरं आहे ते मान्य करते. तिथला उच्चार पहिले चार दिवस रडवतो. जिथे जिथे पुस्तकात 'य' आहे तिथे ते 'श' म्हणतात. यो नाही, शो. मे यामो नाही, मे शामो. रस्ता म्हणजे काशे, कोंबडी म्हणजे पोशो, पाऊस म्हणजे शुविया. आणि 'तू'साठी 'तु' नाही तर 'वोस', त्याची क्रियापदंही वेगळी, 'तिएनेस'च्या जागी 'तेनेस', 'एरेस'च्या जागी 'सोस'. मी विमानतळावर टॅक्सीवाल्याचं एक वाक्य समजून न घेता सी सी करत राहिले, तो बिचारा विचारत होता की बाई जायचंय कुठे.

पण चार दिवसच. पाचव्या दिवशी कान बसतो. मग मजा यायला लागते. घराची किल्ली द्यायला घरमालकीणबाई म्हणाल्या 'ला शावे', आणि मला ऐकू आलं 'चावी'! आपली चावी पोर्तुगीजांकडून आली ना, ती यांची चुलतबहीणच निघाली.

आता शिकण्याबद्दल. मी ज्या शाळेत पैसे भरले तिने 'वर्गात जास्तीत जास्त पाच जण' असं सांगितलं होतं आणि पहिल्या सोमवारी आम्ही अकरा जण बसलेलो, त्यातले चौघं पूर्णच कोरे आणि दोघं बऱ्यापैकी बोलणारे. शाळेचं नाव लिहीत नाही. दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तुटक्या स्पॅनिशमध्ये भांडले, बदलून मिळालं. ते भांडण हा माझा पहिला खरा धडा. म्हणून पैसे एकदम सहा आठवड्यांचे भरू नकोस, एकेक आठवड्याने भर.

दुसरं म्हणजे हॉटेल घेऊ नकोस, कुणाच्या तरी घरात राहा. माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, नवरा नाही, इंग्रजी शून्य. मी दुसऱ्याच दिवशी त्यांचा निळ्या फुलांचा कप फोडला. हातात तुकडे, आणि मनात इंग्रजीतून वाक्य जुळवतेय की मी कप फोडला, म्हणजे कबुलीजबाबच. त्या तुकड्यांकडे बघत म्हणाल्या, 'से ते रोंपिओ?' म्हणजे तुझ्याकडून फुटला का. आणि मी एकदम थांबले. अगं, हे तर आपलंच! आपण तरी कुठे म्हणतो मी कप फोडला. माझ्याकडून फुटला. से मे रोंपिओ. वर्गात अमेरिकन पोरं या वाक्याला अडून बसली होती, कप स्वतःचा स्वतः कसा फुटेल म्हणून वाद घालत होती, आणि मी आयुष्यभर तेच बोलत आलेय.

त्या दिवसापासून मी इंग्रजी मधून काढून टाकलं. मराठीवरून थेट. बाकी सांगते नंतर, दूध उतू चाललंय.

लिमलेट
काकू हे कसलं भारी आहे! दूध बघा आणि परत या.

पिंपळपान
बाकीचं व्याकरण होईल हो, आधी व्हिसाचं बघा. भारतीय पासपोर्टवर तिन्ही देशांचे नियम वेगवेगळे आहेत, सारखे बदलतात, कुणाकडे अमेरिकेचा व्हिसा असेल तर सूट वगैरे असतं. अर्जेंटिनाची वकिलात मुंबईतच आहे, तिथली साइट बघा, ऐकीव माहितीवर तिकीट काढू नका. आणि ऋतू उलटे हे विसरू नका, जुलैत कडाक्याची नसली तरी चांगली थंडी असते. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, म्हणजे तुमची रात्र झाली की नवऱ्याची पहाट.

गोदाकाठ
आले. दूध गेलंच.

तर मराठीवरून कसं, ते सांगते. 'मला चहा आवडतो' हे वाक्य घ्या. चहा कर्ता, मला आवडतो. स्पॅनिशमध्ये मे गुस्ता एल ते, शब्दाला शब्द. आंबे असतील तर मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजीवरून येणाऱ्याला हे आठवडाभर उलटं-पालटं करून बघावं लागतं.

मग भूतकाळ. स्पॅनिशमध्ये दोन आहेत म्हणून सगळे घाबरवतात. लहानपणी मी नदीवर जायचे, इबा. काल मी नदीवर गेले, फुई. झालं की! 'जायचे' आणि 'गेले'. आणि ते महाभयंकर सबजंक्टिव्ह, ज्याच्या नावाने लोक क्लास सोडतात, ते म्हणजे आपला शाळेतला विध्यर्थ. तू यावंस असं मला वाटतं. किएरो के वेंगास. मी बाईंना म्हटलं आमच्याकडे हे आठवीत असतं, त्यांना वाटलं गंमत करतेय.

बोरकूट
गोदाकाठताई, मी पुण्यात स्पॅनिश शिकवतो, १४ वर्षं झाली, आणि वर्गात मी स्वतः 'मला आवडतं'नेच सुरुवात करतो, त्यामुळे शंभर टक्के सहमत. पण पोरांना एवढं स्वप्न दाखवू नका. मराठी सगळीकडे पोचवत नाही. सेर आणि एस्तार. आपल्याकडे एकच 'आहे', त्यांच्याकडे दोन, आणि इथे मराठी अजिबात मदत करत नाही, उलट पाडते. लोकांना सोपा नियम सांगतात की कायमचं असेल तर सेर आणि तात्पुरतं असेल तर एस्तार, आणि तो नियम चुकीचा आहे. शिवाय 'द'सारखी ती आर्टिकलं, ती आपल्याकडे नाहीतच. माझे विद्यार्थी तीन वर्षांनीसुद्धा आर्टिकल गाळतात.

आणि लिमलेट, ज्यांना परीक्षा द्यायचीय त्यांनी उगाच अर्जेंटिनाच्या बोलीची भीती बाळगू नये. सिएले ही ऑनलाइन परीक्षा २०१६ पासून आहे, तिच्यामागच्या चार संस्थांमध्ये बुएनोस आयरेसचं विद्यापीठच आहे. तुम्ही 'वोस' वापरलंत म्हणून कोणी गुण कापत नाही, फक्त एकदा 'वोस' आणि एकदा 'तु' अशी खिचडी करू नका.

गोदाकाठ
बोरकूट सर, अगदी बरोबर, आणि सेर-एस्तारचा तो सोपा नियम माझ्या डोक्यातून कुठे निघाला सांगू? रेकोलेताच्या दफनभूमीत. १८२२ ची जागा, थडगी कसली, संगमरवरी बंगल्यांची गल्लीच आहे, दारं, खिडक्या, आत जिने. आमच्या शिक्षिकेने शुक्रवारचा तास तिथेच घेतला. एविता पेरोनच्या (तिथल्या एका राष्ट्राध्यक्षांची बायको, लोकांची लाडकी) समाधीसमोर उभं करून विचारलं, एविता जिवंत आहे का. मी आपली हुशारीने, मृत्यू म्हणजे कायमचं, म्हणून सेर, 'एस मुएर्ता'. सगळा घोळका हसला, शेजारून चाललेली एक अनोळखी बाईसुद्धा थांबून म्हणाली, 'एस्ता मुएर्ता, केरिदा'. मेलेली असणं ही स्थिती, म्हणून एस्तार. मेलेलं माणूस कितीही कायमचं मेलेलं असलं तरी.

लिमलेट, तू विचारलंस ना फिरण्याच्या नादात शिकणं राहतं का. आमच्या गटातले जे दुपारी चित्रं काढल्यासारखे फोटो काढत फिरले त्यांचं राहिलंच. मला जे आलं ते सगळं कुठल्या ना कुठल्या जागेला चिकटलेलं आहे.

सगळ्यात खोल चिकटलेलं एक सांगते. गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लासा दे मायोवर आया चालतात. १९७६ ते ८३ लष्कराचं राज्य होतं, हजारो तरुण पोरं उचलून नेली, परत आलीच नाहीत. ३० एप्रिल १९७७ ला त्यांच्या आया सरकारी वाड्यासमोरच्या या चौकात जमल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी होती, पोलिसांनी चालत राहा म्हणून दटावलं, तर त्या मधल्या स्तंभाभोवती चालायला लागल्या. अजून चालतात. डोक्याला पांढरा रुमाल, तोच रुमाल खाली फरशीवर रंगवलेला. मी गेले तेव्हा त्यातल्या एक नव्वदीच्या आजी चाकाच्या खुर्चीत होत्या, मागून कोणीतरी खुर्ची ढकलत होतं, आणि बाजूने शाळेची मुलं आइस्क्रीम खात चाललेली.

परत आल्यावर शिक्षिकेने फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. बुस्को ला शावे, चावी शोधतेय. बुस्कान आ सुस इहोस, मुलांना शोधतायत. माणूस असेल तर मधे 'आ' येतो, वस्तू असेल तर नाही. एका जर्मन मुलाने विचारलं का, तर ती म्हणाली नियम आहे. मी मनात म्हटलं, चावी शोधतो पण मुलाला शोधतो. आपण 'ला' लावतो तेव्हा कधी विचारही करत नाही. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

बोरकूट
ताई, हे मी उद्या वर्गात सांगणार, तुमच्या नावाने. आणि यात अजून एक बारकावा बघा, मराठीत आपण 'कामाला बाई शोधतेय' म्हणतो, 'बाईला' नाही, कारण ठरलेली अशी कोणी नसते. स्पॅनिशमध्येही तिथे 'आ' गळतो. ठरलेली व्यक्ती असली की 'आ' आणि 'ला' दोन्ही परत येतात.

उंडगा
गप्प बसलो आता. पण स्वस्ताई पाहिजे असंल तर सुक्रे बगा. २,८०० मीटर, म्हंजे कुस्कोपेक्षा दम कमी लागतो, सगळं शहर पांढरंफटक चुन्यानं रंगवलेलं, आणि बोलिव्हियाचं स्वातंत्र्य ६ ऑगस्ट १८२५ ला जिथं जाहीर झालं ती इमारत चौकातच उभी आहे. शिकवणाऱ्या मास्तरणीला एकट्याला एकटी घेतली तरी खिसा फाटत नाही. माझा मित्र दोन महिने राहिला, आता बायकोशी भांडतानासुद्धा स्पॅनिश बोलतो, तिला काय कळत नाही.

लिमलेट
उंडगा 😂 वहिनींना हा धागा दाखवायला हवा.
काकू, खाण्याचं? तिथे सगळं गाईचं मांसच असतं म्हणे.

गोदाकाठ
तिथे 'कार्ने' म्हणजे बीफ. मी पहिल्या दिवशी 'सिन कार्ने', मांसाशिवाय, म्हटलं आणि हॅमचं सँडविच आलं. परत केलं तर चिकनचं आलं. त्यांच्या लेखी दोन्ही मांस नाहीत! नाव घेऊन सांगायचं, गाय नको, डुक्कर नको, कोंबडी नको, मासा नको, आणि वेटर मग विचारतो मग बाई तुम्ही आजारी आहात का.

पण उपाशी राहिले नाही. फुगासेता म्हणून कांदा आणि भरपूर चीजचा पिझ्झा. त्याच्यावर ते फाइना नावाचा तुकडा ठेवतात, तो चण्याच्या पिठाचा. तोंडात घातला तर काय, आपलं बेसनाचं धिरडं, जरा जाडसर! मी तिथल्या मालकाला मिरची घालून करून बघा म्हणून सांगितलं, त्याने फक्त हसून घेतलं. मक्याचं सारण भरलेली एंपानादाही मिळते. प्रत्येक महिन्याच्या २९ तारखेला घरोघरी बटाट्याचे न्योकी, म्हणजे छोटे उकडलेले गोळे, करतात, ताटाखाली नोट ठेवायची, पैसे टिकतात म्हणे. बाईंनी माझ्या ताटाखाली पन्नासची नोट ठेवली होती आपल्या गांधीजींची, माझ्याच पाकिटातून मागून घेऊन.

आणि बटाटा मागायला जाशील तेव्हा सांभाळ. मी भाजीवाल्याकडे थाटात 'बटाटा' म्हटलं, पोर्तुगीज शब्द आहे, कळणारच. त्याने किलोभर रताळी बांधून दिली. बटाट्याला तिथे 'पापा' म्हणतात. घरी आले, कॅलेंडर बघितलं तर कार्तिकी एकादशी. विठोबाची इच्छा.

कोकमसोडा
गोव्याहून रामराम. भाजीवाला बरोबर होता हां ताई, चूक आमच्या पोर्तुगीजांची. बटाटा हा शब्द मूळचा कॅरिबियनकडचा आणि तो रताळ्याचाच. पोर्तुगीजांनी तो दुसऱ्या कंदाला चिकटवला आणि तसाच आपल्याकडे उतरवला. अननस पण तिकडचाच, दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतला. बाकीचे स्पॅनिशवाले त्याला पिन्या म्हणतात, पण अर्जेंटिनात चक्क 'अनाना' म्हणतात ना? आणि बादलीला 'बाल्दे'? आमच्या आजीला पाठवा तिकडे, अर्धा बाजार करून येईल.

गोदाकाठ
हो हो, अनाना! आणि बाल्दे! मी बाईंना बादली म्हटलं तर त्यांनी बादलीच आणून दिली.

लिमलेट
जागा सांगा ना, यादी नको, तुम्हाला आवडलेल्या. आणि सुरक्षित आहे का एकटीला?

गोदाकाठ
सुरक्षित म्हणशील तर मुंबईच्या लोकलचा अंगात असलेला सावधपणा पुरतो. मोबाइल हातात धरून कोपऱ्यावर उभी राहू नकोस, मोटारसायकलवरून हिसकावतात. कपड्यावर काहीतरी सांडवून पुसायला येणारे दयाळू लोक दिसले तर पर्स पोटाशी धरून दुकानात शीर. ला बोकामध्ये रंगीत घरांची कामिनितो गल्ली बघ आणि तिथूनच बस धर, आजूबाजूला भटकू नकोस. बसला सुबे नावाचं कार्ड लागतं, आणि चढल्यावर ड्रायव्हरला कुठे उतरणार ते सांगावं लागतं. म्हणजे रोज एक तोंडी परीक्षा, मागे रांग उभी. फक्त बस 'घेते' म्हणताना स्पेनमधला 'कोहेर' वापरू नकोस गं, तिथे त्याचा अर्थ भलताच आहे. 'तोमार' म्हण.

जागा म्हणशील तर मेट्रोची ए लाइन. १९१३ ची, दक्षिण गोलार्धातली पहिली. बेल्जियमहून आणलेले लाकडी डबे तिच्यावर २०१३ पर्यंत पळत होते, माझ्या नशिबात नव्हते, पण काही स्टेशनांच्या जुन्या फरशा अजून आहेत. रविवारी सान तेल्मोचा बाजार, तिथे जुन्या चाव्यांची एक टोपलीच घेऊन बसलेला म्हातारा होता, त्याच्याशी मी अर्धा तास बोलले आणि काहीच घेतलं नाही, आपल्या जुन्या बाजारासारखंच.

आणि एक दुपार काढून रेतिरोहून लोकलने बेक्कारला जा. लेखिका बिक्तोरिया ओकांपोचं घर आहे, आता युनेस्कोकडे आहे. १९२४ च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ पेरूला निघालेले इथे आजारी पडले आणि तिने त्यांना जवळच सान इसिद्रोत नदीकाठच्या एका घरात ठेवून घेतलं, दोनेक महिने. ते तिला विजया म्हणायचे. मी पण नोव्हेंबरातच गेले होते, शहरभर जॅकरांडा फुललेला, आपल्या पुण्यात मार्चमध्ये फुलतो तसा. तिथल्या मुलीला मी भारतातून आले म्हटल्यावर तिने विचारलं तुम्ही टागोर मुळातून वाचता का. ते बंगाली, मी मराठी, एकच देश पण वेगळी भाषा, हे समजवायला माझं सहा आठवड्यांचं सगळं स्पॅनिश लागलं. घामच फुटला. पण समजलं तिला. त्यांचं राष्ट्रीय फूल सेइबो आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद आहे, हे मात्र मला सांगता आलं नाही, पांगाऱ्याला शब्दच नव्हता.

पिंपळपान
पैशाचं काही लिहाल का कोणी?

गोदाकाठ
आकडा मुद्दाम लिहीत नाही. तिथली महागाई अशी की मी असतानाच पावाचा भाव दोनदा बदलला, माझा आकडा आज कुणाला फसवेलच.

लिमलेट
ठरलं! बुएनोस आयरेस. नवऱ्याला काकूंचा कपाचा किस्सा वाचून दाखवला, तो म्हणाला जा बाई. अजून काही सूचना?

गोदाकाठ
कोणी माते प्यायला दिलं (तो कडू पाल्याचा चहा, एकाच नळीने सगळे पितात) तर लगेच 'ग्रासियास' म्हणू नकोस. ग्रासियास म्हणजे बास, मला आता नको. मी पहिल्याच घोटाला सभ्यपणे म्हटलं, आणि तासभर वाटी माझ्यापुढून डावी-उजवीकडे जात राहिली, मला काही मिळेना.

हो, आणि एक. दिवाळीत मी बाईंच्या स्वयंपाकघरात करंज्या केल्या होत्या. त्या शेजारी एंपानादा भरत बसलेल्या. त्यांची कड दुमडायची पद्धत आणि आपली मुरड, दोघींनी एकमेकींच्या हाताकडे बघितलं आणि आधी हसायलाच लागलो. त्यांच्यात कडेच्या नक्षीवरून आतलं सारण ओळखतात, म्हणून त्यांनी विचारलं ही तुझी मुरड म्हणजे आत काय. म्हटलं गोड, नारळ. त्यांनी कृती लिहून घेतली होती. काल त्यांचा व्हॉइस मेसेज आला, एकट्यांनी करून बघितल्या म्हणे. मग मोठा उसासा, आणि 'से मे केमारोन तोदास'.

लिमलेट
थांबा थांबा, सांगू नका, मी करते. केमार म्हणजे जाळणे. से मे… माझ्याकडून… सगळ्या…
करपल्या!! माझ्याकडून सगळ्या करपल्या!

गोदाकाठ
तळताना आच मोठी ठेवली असणार. सांगते त्यांना.